जुनी छोटी गाडी संस्थेला द्यायचीय? चावी द्यायच्या आधी हे बघा

आमच्या अण्णांची वॅगनआर २००९ ची, एमएच-१३ पासिंग, चांदी कलर. जुळे सोलापुरात बिल्डिंगखाली उन्हात उभी राहून राहून बोनेटचा कलर दोन जागी पांढरा पडलाय, बाकी गाडी ठणठणीत. चालली पण किती, ६२ हजार किलोमीटर, त्यात निम्म्या तर पंढरपूर आणि अक्कलकोटच्या फेऱ्या असतील. दोन वर्षांखाली अण्णांचा डावा गुडघा गेला, क्लच दाबवेना, मग गाडी नुसती उभी. रविवारी मी खाली जाऊन दहा मिनिटं चालू करून ठेवायचो तेवढंच. विकायला टाकली तर लोकं फोटो पण न बघता "लास्ट किती" एवढंच विचारायचे, एकानं तर सरळ भंगाराचा भाव सांगितला. त्यावर अण्णा म्हणले, "विकून काय बंगला बांधायचाय का, कुठल्यातरी आश्रमाला देऊन टाक, चार म्हातारी माणसं दवाखान्याला तरी जातील."

मला वाटलं काय मोठंसं, चावी द्यायची, गाडीला हार घालून फोटो काढायचा, झालं. प्रत्यक्षात सव्वादोन महिने गेले. त्यातलं निम्मं आधी माहीत असतं तर तीन आठवड्यांत मोकळा झालो असतो, म्हणून लिहून ठेवतोय, कुणाच्यातरी कामाला येईल.

पहिलं टॅक्सचं सांगतो, कारण गाडी दान देतोय म्हणलं की प्रत्येकजण तेच विचारतो, ८०जी मिळतं ना? नाही मिळत. ८०जी ची सूट, म्हणजे देणगीवर इन्कम टॅक्समध्ये मिळणारी सूट, फक्त पैशाच्या देणगीला आहे. वस्तू दिली तर शून्य, मग ते तांदळाचं पोतं असो, चादरींचा गठ्ठा असो नाहीतर अख्खी गाडी. संस्थेनं ८०जी चं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावलेलं असलं आणि "गाडीची किंमत टाकून पावती देतो" म्हणले तरी ती पावती तुमच्या रिटर्नला चालणार नाही. हा गोंधळ बऱ्यापैकी अमेरिकेमुळं होतो. माझा मावसभाऊ तिकडं आहे, तो म्हणला आमच्याकडं फोन केला की टो ट्रक घेऊन येतात, गाडी फुकट उचलून नेतात, वर टॅक्समध्ये सूट. खरंय, पण तिकडं पण संस्थेनं ती गाडी विकून टाकली आणि ५०० डॉलरच्या वर आले, तर सहसा जेवढ्याला विकली तेवढीच सूट धरतात, त्याचा १०९८-सी नावाचा वेगळा फॉर्म संस्था देते. ते सगळं तिकडचं, इथं आणून काही उपयोग नाही.

आता तुम्हाला सूट हवीच असेल तर सरळ रस्ता एकच, गाडी विका आणि आलेले पैसे संस्थेला द्या. चेकनं किंवा ऑनलाइन द्या, कारण रोख दिले तर २००० रुपयांच्या वरची देणगी सुटीला धरत नाहीत. वर्ष संपल्यावर संस्थेकडून फॉर्म १०बीई, म्हणजे देणगीचं सर्टिफिकेट, मागून घ्या, साधी पावती पुरत नाही. आणि तुम्ही नवीन टॅक्स रिजीममध्ये असाल तर हे सगळं विसरा, त्यात ८०जी नाहीच. विकलेल्या पैशावर टॅक्स लागेल का अशी भीती काहींना असते, तर घरच्या वापराची गाडी ही वैयक्तिक वस्तू धरतात, कॅपिटल गेन वगैरे भानगड नाही. मध्ये जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आला म्हणून सगळीकडं मेसेज फिरत होता, तो गाड्यांचा धंदा करणाऱ्या रजिस्टर्ड डीलरला आहे, तो पण त्याच्या नफ्यावर. तुम्ही-आम्ही घरची गाडी विकताना त्याचा संबंध नाही.

खरं सांगायचं तर दहातल्या सात जणांना मी हेच सांगीन, विका आणि पैसे द्या. संस्थेला गाडी म्हणजे दर महिन्याचा खर्च असतो, हे आपल्या लक्षात येत नाही. नुसत्या थर्ड पार्टी इन्शुरन्सचं बघा. २०२२ च्या दरांप्रमाणं १००० सीसीपर्यंतच्या कारला वर्षाला २०९४ रुपये, आणि १००० ते १५०० सीसीला ३४१६, वर जीएसटी. अल्टो ७९६ सीसीची, ती खालच्या दरात बसते. आमची वॅगनआर १०६१ सीसीची, म्हणजे ६१ सीसीसाठी तेराशे रुपये जास्त! त्यात पेट्रोल, सर्व्हिसिंग, कधी बॅटरी, कधी टायर. ज्या संस्थेला महिन्याच्या किराण्याची ओढाताण आहे तिच्या दारात तुम्ही हार घालून खर्च उभा करून येता.

पण एखाद्या ठिकाणी गाडीची खरंच नड असते, आणि तिथं पैशापेक्षा गाडीच दिलेली बरी, कारण पैसे दिले तर ते (बरोबरच आहे) आधी छताला पत्रे घालतील, गाडीचं राहूनच जाईल. ती जागा कशी शोधायची? मी चार ठिकाणी फोन केले. एका शाळेला बस पाहिजे होती, छोटी कार नको. एका ठिकाणच्या ताई एकदम स्पष्ट बोलल्या, "दादा, आमच्याकडं चालवणारं कुणी नाही, त्यापेक्षा दोन महिन्यांचं धान्य द्या की." मला त्यांचं फार आवडलं, त्यांना धान्य वेगळं दिलं. तिसऱ्यांनी काहीच न विचारता लगेच "कधी घ्यायला येऊ" म्हणलं, तेव्हा मी सावध झालो. चौथा अक्कलकोट रोडच्या बाजूचा एक वृद्धाश्रम, गावाबाहेर, तिथली नर्स स्वतः गाडी चालवते, आजवर रात्री-अपरात्री कुणाला त्रास झाला तर रिक्षावाल्याच्या हातापाया पडायला लागायचं. त्यांनी उलट मलाच विचारलं, गाडी किती अ‍ॅव्हरेज देते, पासिंग कधीपर्यंत आहे, मागच्या सीटवर माणूस आडवा झोपवता येतो का. जो असं विचारतो त्याला गाडी लागते, हे समजून घ्या.

तुम्ही पण तीन गोष्टी विचाराच. चालवणार कोण आणि त्याच्याकडं लायसन आहे का, उभी कुठं करणार, वर्षाचा खर्च कुठून काढणार. आणि चौथी जरा अवघड वाटते पण विचारायची, गाडी वापरणार का विकणार? विकणार असतील तरी वाईट नाही, पण मग तुम्हीच विका ना, सूट तरी मिळेल.

संस्था खरी आहे का ते बघायला धर्मादाय आयुक्तांकडचा रजिस्ट्रेशन नंबर मागा, ट्रस्टचं पॅन कार्ड मागा, दर्पण नावाच्या, संस्थांची नोंद असलेल्या सरकारी पोर्टलवर नाव टाकून बघा. नुसतं बोर्ड आणि पावती पुस्तक म्हणजे संस्था नव्हे. अजून एक, १५ वर्षांच्या वरची गाडी सरकारी दवाखान्याला, महापालिकेला किंवा झेडपीला द्यायचा विचार असेल तर सोडून द्या. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांचं रजिस्ट्रेशन रिन्यूच होत नाही, तुम्ही दिलेली गाडी त्यांना रस्त्यावर काढता येणार नाही. आपल्यासारख्या खाजगी मालकाला आणि खाजगी ट्रस्टला मात्र तसं बंधन नाही, दिल्लीचे १० वर्षं-१५ वर्षंवाले नियम ऐकून लोकं इथं उगाच घाबरतात.

आता घरातले कागद काढा. आरसी आधी बघा, त्यावर दोन गोष्टी. एक, नाव कुणाचं? सोलापुरात मी अशा कितीतरी गाड्या बघितल्यात की वडील जाऊन पाच-सहा वर्षं झाली, मुलगा चालवतोय, आरसी अजून वडिलांच्याच नावावर. अशी गाडी थेट दान देता येत नाही. आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायची, मृत्यूचा दाखला लागतो, बाकी वारसांची ना हरकत लागते, मग पुढं संस्थेच्या नावावर. भावाभावांत बोलणं नसेल तर हे आधी मिटवा, नाहीतर दान राहतं बाजूला आणि घरातच वाद सुरू होतो. दुसरं, मुदत. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, नंतर दर पाच वर्षांनी रिन्यू. एप्रिल २०२२ पासून कारची रिन्यूअल फी ५००० रुपये आहे, आधी ६०० होती. आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांच्या वरच्या कारला १०,०००. उशीर केला तर महिन्याला ५०० रुपये दंड वेगळा, शिवाय पर्यावरण कर. आमची २०२४ मध्ये रिन्यू केलेली होती म्हणून वाचलो, म्हणजे आता २०२९ पर्यंत बघायला नको. तुमची मुदत संपत आली असेल तर रिन्यू करूनच द्या. पाच हजार वाचवायला तशीच दिली की तो सगळा खर्च आणि हेलपाटे संस्थेच्या गळ्यात.

गाडीवर कधी लोन होतं का? फिटून दहा वर्षं झाली असतील, तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच राहतं. बँकेकडून एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घ्या. आमच्या बाबतीत ती ब्रांच दुसऱ्या ब्रांचमध्ये मिसळली होती, जुनं लोन अकाउंट शोधायलाच त्यांना अकरा दिवस लागले, म्हणून हे काम सगळ्यात आधी काढा. मग ई-चलान बघून घ्या, थकलेलं असलं तर भरून टाका. पीयूसी काढा. पीयूसीवरून आठवलं, १ एप्रिल २०१० ला देशात फक्त १३ शहरांत बीएस-४, म्हणजे गाडीच्या धुराचा कडक नियम, लागू झालं होतं, दिल्ली-मुंबई-पुण्याच्या पंगतीत आपलं सोलापूर पण होतं! त्यामुळं त्यानंतर इथं घेतलेली कार सहसा बीएस-४ असते आणि तिला पीयूसी वर्षाचं मिळतं. आमची २००९ ची, म्हणून सहाच महिन्यांचं. हे पण संस्थेला सांगून ठेवावं लागतं, नाहीतर त्यांना कळतं ते पोलिसांनी थांबवल्यावर.

नंबरप्लेट विसरू नका. २०१९ च्या १ एप्रिलच्या आधीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट लावायचीय, कारला ७४५ अधिक जीएसटी, आणि ती नसेल तर आरटीओत नावबदलाचं काम अडतं. अपॉइंटमेंट मिळायला आम्हाला पंधरा दिवस लागले. गॅस किट असेल तर ते आरसीवर चढवलेलं आहे का बघा, आणि सीएनजी सिलिंडरची दर तीन वर्षांनी टेस्ट लागते तिचा कागद शोधा. बिना टेस्टचा सिलिंडर मागं ठेवून म्हाताऱ्या माणसांना बसवायला गाडी द्यायची म्हणजे काय, विचार करा.

गाडीचं पण जरा बघा. टायरला नक्षी शिल्लक आहे म्हणून खूश होऊ नका, बाजूला चार आकडे असतात ते वाचा. आमच्या टायरवर २३१७ होतं, म्हणजे २०१७ सालच्या २३ व्या आठवड्यातले. नक्षी मस्त, पण बाजूच्या रबराला उन्हानं केसासारख्या चिरा, नख घातलं की उघडायच्या. चारही बदलले, बारा हजार गेले. बॅटरी नवीन. एसीत गॅस नाही भरला, त्यांना विचारलं तर नर्सबाई म्हणल्या आमचे आजोबा-आजी एसीत कुडकुडतात, राहू द्या. जे बिघडलंय ते एका कागदावर लिहून द्या, आम्ही लिहिलं होतं मागची डावी काच हातानं ओढून वर घ्यावी लागते आणि दुसरा गिअर थंडीत जरा अडतो. लाज कसली, दहा वर्षांत तुम्हाला जे कळलंय ते त्यांना पहिल्या दिवशी कळू द्या.

आणि गाडी रिकामी करा, नीट रिकामी. सीटच्या पट्टीत हात घातला तर शेंगांची टरफलं निघाली, पंढरपूरच्या बुक्क्याची पुडी, गड्ड्याच्या जत्रेत घेतलेली भाचीची एका कानातली रिंग, आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात २०१३ पासूनच्या सगळ्या पेट्रोलच्या पावत्या, अण्णांनी मागं अ‍ॅव्हरेज लिहिलेल्या. त्या अण्णांनी ठेवून घेतल्या. जॅक, पाना, स्टेपनी आणि दुसरी चावी मात्र गाडीबरोबरच जाऊ द्या.

मुख्य काम आता. नावबदल, म्हणजे फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, दोन्हीकडच्या सह्या. अर्ज परिवहनच्या वेबसाइटवरून भरता येतो, कारची मूळ फी ३०० रुपये आणि स्मार्ट कार्डचे २००, बाकी जे काही एजंट सांगेल ते एजंटाचं. एजंट धरू नका असं मी म्हणत नाही, मी पण धरला, पण फी किती आणि त्याची मजुरी किती हे वेगवेगळं विचारा. गाडी दिल्यावर राज्यातल्या राज्यात असेल तर देणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ही जबाबदारी तुमची आहे, संस्थेची नाही. संस्थेकडून लागतं ते असं, विश्वस्तांचा ठराव की ही गाडी आम्ही स्वीकारतो आणि अमुक माणसाला सहीचा अधिकार देतो, ट्रस्टचं रजिस्ट्रेशन, पॅन, पत्त्याचा पुरावा, शिक्का. इथंच आमचा एक हेलपाटा झाला. पॅनवर नाव "बहुउद्देशीय सामाजिक संस्था" आणि ठरावावर नुसतं "सामाजिक संस्था". एका शब्दासाठी फाईल परत. म्हणून ठराव टाईप करायच्या आधी पॅन समोर ठेवा आणि अक्षर अन् अक्षर जुळवा. अजून एक आधी विचारून घ्या, कंपनीच्या नावावरच्या गाड्यांना महाराष्ट्रात रस्ता कर जास्त आहे, तर वैयक्तिक नावावरून ट्रस्टच्या नावावर जाताना काही फरक भरावा लागतो का, हे आरटीओच्या खिडकीवर कागद देण्याआधीच कळलेलं बरं, आणि भरावा लागला तर कोण भरणार ते पण.

आपल्याकडं निम्मे पाहुणे विजयपूर-कलबुर्गीकडचे, त्यामुळं तिकडच्या मठाला किंवा आश्रमाला द्यावी असं वाटू शकतं. देता येते, पण राज्य बदललं की फॉर्म २८ ची एनओसी, तिकडं नवीन नंबर, तिकडचा रस्ता कर, सगळं आलं. जुन्या गाडीसाठी एवढा कुटाणा परवडत नाही. तिथं पैसेच द्या.

कोऱ्या फॉर्मवर सह्या करून "आम्ही घेतो करून" म्हणणाऱ्याच्या हातात कधीच देऊ नका. हे मी मामांच्या अनुभवावरून सांगतोय. मामांनी त्यांची सँट्रो चार वर्षांखाली एका संस्थेला दिली, नाव नाही घेत. फॉर्मवर सह्या करून दिल्या, मोठ्या मनानं फास्टॅग पण तसाच ठेवला, शंभरेक रुपये होते त्यात, जाऊ दे म्हणले. दहा महिन्यांनी मामा घरात झोपलेले, रात्री पावणेतीनला फोन वाजला, बघतात तर सावळेश्वर टोलला पैसे कट, अर्ध्या-पाऊण तासानं वरवडेला कट. मामींना आधी वाटलं कुणी बँकेचं खातंच फोडलं. पुढच्या आठवड्यात पुण्यातला सिग्नल तोडल्याचं चलान, मामांच्याच नावावर. संस्थेत फोन केला तर गाडी कुणाच्यातरी पुतण्याकडं होती. आरसी अजून मामांच्या नावावर, इन्शुरन्स संपलेला. चलान राहू द्या, त्या पुतण्यानं कुणाला उडवलं असतं तर? सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या केसमध्ये सरळ सांगितलंय, तिथं गाडी एकाकडून दुसऱ्याकडं अशी चार हात फिरली होती, पण आरसीवर पहिल्याचंच नाव, तर अपघाताची भरपाई त्याच्यावरच टाकली. मामांना ती गाडी शोधून, हात जोडून, नावबदल करून घ्यायला दोन महिने लागले. तेव्हापासून मामा देणगी म्हणलं की फक्त चेक काढतात.

म्हणून ताबा देताना एक साधा कागद करा. जंगम वस्तूचं दान ताबा दिला की पूर्ण होतं, त्याला रजिस्टर दानपत्र लागत नाही, पण लेखी पाहिजेच. गाडी नंबर, इंजिन आणि चेसिस नंबर, किलोमीटर किती, दोन्ही चाव्या दिल्या का, कुठले कागद दिले, आणि तारखेबरोबर वेळ. वेळ मिनिटासकट टाका, आम्ही "दुपारी ४ वाजून २० मिनिटांनी" असं लिहिलं होतं, आश्रमाचे सेक्रेटरी हसले, पण नाव बदलेपर्यंत चलान तुमच्याच नावावर येतं, आणि चार-पंचवीसला कुणी फाडलं तर तेव्हा गाडी कुणाच्या ताब्यात होती हे त्या ओळीवरून दाखवता येतं. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, मीटरचा फोटो.

फास्टॅग बंद करायचा बँकेत अर्ज द्या, डिपॉझिट परत येतं, आणि काचेवरचा स्टिकर ब्लेडनं खरवडून काढा, अख्खा निघत नाही, तुकडे तुकडे होतात, होऊ द्या. इन्शुरन्स नवीन मालकाच्या नावावर करायला संस्थेनं १४ दिवसांत कंपनीला अर्ज करायचा असतो, त्यांच्याकडून तो तुमच्यासमोरच करवून घ्या. तुमचा फुल इन्शुरन्स असेल तर नो क्लेम बोनस गाडीबरोबर जात नाही, तो माणसाचा असतो, कंपनीकडून तसं पत्र घ्या, तीन वर्षांत नवीन कार घेतली तर ५० टक्क्यांपर्यंतची सूट त्यावर मिळते. आमची नुसती थर्ड पार्टी होती त्यामुळं आम्हाला काही नाही.

गाडी अगदीच गेलेली असेल, पत्रा सडलेला, इंजिन बसलेलं, तर ती कुणाला दान देऊ नका, त्याला दान म्हणत नाहीत. इंजिन-गिअरबॉक्स जाग्यावर असेल तर एखाद्या आयटीआयला विचारा, मोटर मेकॅनिकच्या पोरांना खोलून जोडायला अशी गाडी सोन्यासारखी, फक्त आधी रजिस्ट्रेशन रद्द करून द्यायची. नाहीतर सरकारमान्य स्क्रॅपिंग सेंटर, २०२१ च्या नियमांनी सुरू झालेली. ते सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट देतात, त्यावर घरात कुणी नवीन गाडी घेत असेल तर रस्ता करात सूट मिळते, केंद्रानं खाजगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत ठेवलीय, त्यात राज्य ठरवेल तेवढी. भंगाराचे जे पैसे येतील ते संस्थेला द्या. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला तोलून दिली तर पैसे लगेच मिळतात पण आरसी जिवंत राहते, तुमच्या चेसिस नंबरचं पुढं काय होतं तुम्हाला कधी कळत नाही.

आमची गाडी दिली त्या दिवशी अण्णा खाली आले होते काठी घेऊन. डॅशबोर्डवर सिद्धेश्वरांचा छोटा फोटो चिकटवलेला, तो काढायला गेलो तर नर्सबाई म्हणल्या, "राहू द्या की काका, आम्हाला पण लागतो." त्यानंतर रोज सकाळी अण्णा विचारायचे, झालं का नाव? एम-परिवहनवर नंबर टाकून मी बघायचो. बाविसाव्या दिवशी मालकाचं नाव बदललेलं दिसलं, तिथं नावातली निम्मी अक्षरं स्टार मारून लपवलेली असतात, त्यामुळं अण्णांचा विश्वास बसेना, चष्मा लावून स्वतः दोनदा वाचलं. मग गॅलरीतून खाली बघितलं तर आमच्या रिकाम्या पार्किंगमध्ये खालच्या मजल्यावरच्यांनी त्यांच्या दोन स्कूटर लावून पण टाकल्या होत्या.